गाडीच्या दारातली पऱ्हाटी

कापूस फुटला की माझी बोटं दुखायला लागतात. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांना सुईसारखी टोकं असतात. वेचताना ती नखाच्या कडेला टोचतात आणि मग महिनाभर पाण्यात हात घातला की चरचरतं. यंदा मी अजून एकही बोंड वेचलेलं नाही, तरी बोटं दुखतात.

सिंदी मेघेला आमच्या घरासमोरून रोज संध्याकाळी एक काळी गाडी जाते. तिच्यात गाणं एवढं मोठं लावलेलं असतं की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. परवा सून म्हणाली, "काय कान फाडून राह्यला हा!" मी म्हटलं, "आवाज मोठा नाई वं त्याचा, दार सैल हाय. आतलं पॅड कोनं नीट बसवलं नाई." सून माझ्याकडे पाहत राहिली. मी चौथी शिकलेली बाई, पण गाडीच्या दारातला स्पीकर मला बदलता येतो. जे येतं ते येतं म्हणायला मी लाजत नाही.

तो हंगाम आठवतो तो असा, अधूनमधून, कुठूनही.

आमच्याकडे तेव्हा एक पांढरी जुनी गाडी होती. घेतली तेव्हाच जुनी होती. काच खालीवर करायला हाताने फिरवायचा दांडा, आणि गाणं लावायला कॅसेटचा टेप. शेत रोहण्याला, घर वर्ध्याजवळ. कापसाच्या दिवसांत आम्ही दोघं दर दोन-तीन दिवसांनी जायचो. सकाळी निघताना काचेवर दव असायचं, ते मी पदराने पुसायची. गाडीत भाकरीचा, फवारणीच्या औषधाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता, तो धुऊनही जात नसे. पुलगाव सोडलं की रस्त्याकडच्या बाभळींना कापूस लागलेला दिसायचा. कापसाच्या गाड्या जाताना काट्यांना अडकलेला. लहान मुलीच्या केसांत रुईची फुलं अडकावीत तसा. बंद पडलेल्या छोट्या लाइनीचे रूळ झुडपात दिसायचे आणि लपायचे. बुढा गाडी हळू चालवायचा. नवऱ्याला मी बुढाच म्हणते, तो पस्तिशीचा होता तेव्हापासून. तोंडावर मात्र 'तुम्ही'.

त्या गाडीत एकच कॅसेट वाजायची. रोहण्याच्या भजन मंडळाची. खूप वर्षांपूर्वी गावातल्या शाळेच्या ओसरीत कोणाच्या तरी पाहुण्याने टेप ठेवून भरून घेतलेली. पेटी, ढोलकी, टाळ, आणि खंजिरी बुढ्याची. खंजिरी म्हणजे हातात मावणारं चामड्याचं लहान वाद्य, कडेला पितळी चकत्या. बुढा शेतात कसाही असो, खंजिरीवर त्याची बोटं चांगली चालायची. त्या कॅसेटमध्ये एक जागा आहे. पेटी थांबते, ढोलकी थांबते, गाणारे दम घेतात आणि तेवढा वेळ नुसती खंजिरी वाजते. ती जागा आली की बुढा स्टिअरिंगवर मान हलवायचा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर त्याने मान हलवणं बंद केलं.

"स्पीकर गेला," तो म्हणाला. "खंजिरी खाऊन टाकली यानं."

स्पीकर खराब होताच. ढोलकी पडली की फाटक्या सुपासारखा फरफरायचा. त्यामुळे मलाही तेच वाटलं. पण मुलगा प्रमोद वेगळंच म्हणायचा. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुमाले मागचा हॉर्न ऐकू येत नाई. मी परवा तुमच्या मागंच होतो, गाडीवर. कितीकदा वाजवला."

"टेप चालू होता."

"टेपाचं नका सांगू. कान दाखवा डॉक्टरले. नाईतर गाडी बंद करा. शेत मक्त्यानं देऊन टाकू, घरी बसा आरामात."

बुढ्याने भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "माह्ये कान चांगले हायत. स्पीकर खराब हाय. तो बदलला का तुले समजन."

म्हणजे गोष्ट आता स्पीकरवर येऊन थांबली. स्पीकर खराब निघाला तर गाडी राहील, शेत राहील. नाही तर बुढा ओट्यावर. शेत मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला कसायला, देऊन ओट्यावर बसलेली माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत. सकाळपासून ती लोकांच्या घरी कोण आलं, कोण गेलं ते पाहतात आणि दोन वर्षांत त्यांचे पाय सुजतात. माझंही काही वेगळं झालं नसतं. सुनेच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसायला मी जन्मले नाही.

वर्ध्याच्या दुकानात मी एकटीच गेले. दुकानदार तरुण होता, बोलायला बरा. मी त्याला खंजिरीचं सांगितलं. त्याने एक खोकं उघडून दाखवलं. "मावशी, हे पाहा. मोठं भांडं जाड आवाजाचं, त्याच्यातलं हे लहान भांडं बारीक आवाजाचं. खंजिरी ऐकाची असन तर हेच घ्या. गाडी तीन दिवस ठेवून जा."

"हंगामात तीन दिवस गाडी ठेवली तं मजुरायचे डबे काय डोक्यावर नेऊ?"

"मंग कोन बसवन?"

"मी."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. फवारणीचा पंप मी वर्षानुवर्षं खोलत आले आहे, शिलाई मशीनही. स्क्रू म्हणजे स्क्रू. त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या. दाराच्या दांड्याची क्लिप कशी काढायची. बॅटरीतला सेल वायरींना लावून पाहायचा, स्पीकरचा कागद बाहेर उडी मारेल ती बाजू बरोबर, उलटी लागली तर दोन्ही दारांचे आवाज एकमेकांना खातात. आणि शेवटची, "दारात पोकळी ठेवू नका मावशी, काहीतरी मऊ भरा. नाईतर पत्रा वाजते."

दुपारी अंगणात गाडी लावली आणि दार खोलायला बसले. दांड्याची क्लिप तारेची असते, घोड्याच्या नालेसारखी. ती दिसत नाही. दांड्याच्या मागे फडकं घालायचं आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखं ओढायचं, मग ती टुणकन उडते. माझी उडाली ती तुळशीच्या कुंडीत. मग पॅडच्या कडेने बोटं घालत गेले. एकेक खुंटी टक टक सुटत गेली. आत प्लास्टिक, त्याच्या कडेला डांबरासारखा चिकट काळा लेप. तो माझ्या हाताला आठ दिवस होता, रॉकेलनेही निघेना. जुना स्पीकर बाहेर काढला तर त्याचा कागद पाण्याने कुजून कडेने सुटलेला.

बुढा खाटेवर बसून पाहत होता. "म्या म्हटलं नोतं? खराब हाय म्हून."

"हाव जी. आता पेचकस द्या."

शेजारची शोभा फाटकातून डोकावली. "काकू, गॅरेज टाकता का?"

"तुह्या घरचा मिक्सर आधी आन. रोज सकाळी भुतावानी वरडते."

नवीन स्पीकर बसवताना त्याचं मागचं लोहचुंबक काचेला लागत होतं. मी बुढ्याच्या जुन्या रबरी चपलेचा तळ कापून गोल केला आणि खाली घातला, तेव्हा काच मोकळी फिरली. दोन्ही दारांना मिळून बुढ्याच्या दोन्ही चपला गेल्या. तो म्हणाला, "माह्या पायातलं काढून दारात घालून राह्यली."

आता मऊ काय भरायचं? आमच्या घरात कापसाशिवाय मऊ काय असणार! मागच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस होता. वेचणीआधी शेताची पूजा करून सीतादहीचा दहीभात ज्या तासात, म्हणजे ओळीत, टाकला त्याच तासातला. दोन टोपल्या उचलल्या आणि दोन्ही दारांत ठासून भरल्या. आतल्या बियांसकट, सरकीसकट. सरकी काढत बसायला वेळ कोणाला होता?

पॅड बसवलं. मी चालकाच्या शेजारच्या जागेवर बसले, बुढा त्याच्या जागेवर. कॅसेट लावली.

पहिल्यांदा कोणीतरी खोकलं. इतकी वर्षं ती कॅसेट ऐकली, हे खोकणं मला कधी ऐकू आलं नव्हतं. मग कोणी हळूच म्हटलं, "हां, घ्या." तो पेटीवाल्याचा आवाज होता. पेटीवाला जाऊन बरीच वर्षं झाली. मग ढोलकी पडली, पोटात लागली. आणि खंजिरी आली. एकेक चकती वेगळी ऐकू येत होती. ती नुसत्या खंजिरीची जागा आली तेव्हा मला वाटलं, बुढा इथेच बसून वाजवतो आहे, तरणा. मी त्याच्याकडे पाहिलं.

तो समोर पाहत होता. मान हलत नव्हती.

"आवाज मोठा झाला," तो म्हणाला. "पन खंजिरी नाई."

मी आयुष्यात तोंडावर बोलत आले. लग्नात नवरी काळी असली तर काळी म्हटलं. नणंदेला तिच्या स्वयंपाकाबद्दल सांगितलं, सरपंचाला त्याच्या नालीबद्दल. लोक माझ्यासमोर जपून बोलतात. आणि त्या दिवशी बंद गाडीत, हाताला डांबर लागलेलं असताना, मी म्हटलं, "वायर उलटी लागली असन. उद्या पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी मी दार पुन्हा खोललं. तो पाहत होता म्हणून काहीतरी करणं भाग होतं. एका बाजूची वायर खरंच उलटी लावली. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं. दोन्ही दारं एकमेकांशी भांडायला लागली आणि मधला आवाज पोकळ झाला.

"आता तं ढोलकीबी गेली," बुढा म्हणाला.

परत सरळ लावली.

त्या दिवसांत रस्त्याने जाताना मी त्याचा कान झाले. ट्रकचा भोंगा त्याला ऐकू यायचा. फटफटीचा बारीक हॉर्न यायचा नाही. मागून फटफटी वाजली की मी म्हणायची, "बाजू द्या." तो बाजू द्यायचा. मी कशी ऐकते आणि तो कसा ऐकत नाही, यावर आम्ही बोलायचो नाही. एकदा दुपारी परत येताना माझा डोळा लागला. जागी झाले ती शिव्यांनी. दुधाचे कॅन लावलेली एक फटफटी रस्त्याखाली मातीत उतरली होती आणि माणूस हात वर करून बुढ्याच्या आईचा उद्धार करत होता.

"कोन होता?" बुढ्याने विचारलं.

"ओळखीचा होता. राम राम करून गेला."

त्यानंतर मी गाडीत कधी झोपले नाही. आता लिहिताना सरळ लिहिते, मी करत होते ते चूक होतं. त्या माणसाचं काही झालं असतं तर? तेव्हा हा प्रश्न मी मनात येऊ देत नव्हते. कापसाच्या दोन वेचण्या बाकी होत्या, त्या मोजत होते.

रोहण्याच्या रस्त्याची धूळ लाल आणि बारीक. गाडी ओळखू येईना म्हणून मी एके सकाळी बादल्याच्या बादल्या ओतून ती धुतली. आठ-दहा दिवसांनी प्रमोद अंगणात दात घासत होता. एकदम ओरडला, "माय! इकडं ये! दारात पऱ्हाटी उगवली!"

दाराच्या खाली पाणी निघून जायला भोकं असतात. त्यातल्या एका भोकातून पिवळट देठ बाहेर आला होता आणि वर वळला होता. त्याला कापसाच्या रोपाची दोन जाड पानं. बाजूला दुसरा येत होता. काचेवरून पाणी आत गेलं, कापूस भिजला, दार उन्हाने तापलं, आणि सरकीने तिचं काम केलं. साऱ्या जिल्ह्यात ही चूक करणारी मी एकटीच असेन. पण दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ती कोणी केलीच नसती.

प्रमोद हसून हसून खाली बसला. शोभा तिच्या सासूला घेऊन पाहायला आली. बुढा कंबरेवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, "डवरन मारा लागन आता, नाईतर तन माजन. बोंडं धरले का तुम्ही वेचजा, मी गाडी सावकाश चालवीन."

मीही हसले. हसता हसता मला वाट सापडली. "पाह्यलं?" मी म्हटलं. "ओल्या कापसानं आवाज पिऊन टाकला. मंग खंजिरी कुठून येईन?"

बुढ्याचा चेहरा उजळला. "म्या म्हटलं नोतं?" तो प्रमोदकडे वळून म्हणाला. "म्या म्हटलं नोतं? दारातच काहीतरी हाय!" आणि प्रमोद, जो त्याला डॉक्टरकडे न्यायला टपलेला होता, तोही हसता हसता हो म्हणाला. माझ्या मूर्खपणाचा झाला एवढा उपयोग माझ्या दुसऱ्या कशाचाच कधी झाला नाही.

तिसऱ्यांदा दार खोललं. कुबट वासाचा ओला कापूस मुठीमुठीने बाहेर काढला. पांढऱ्या मुळ्यांनी त्याची जाळी झाली होती. पत्र्याला गंज धरलेला, तो घासला, रंग लावला, आणि आत जुन्या गोधडीचे तुकडे चिकटवले. चपलेच्या त्याच चकत्या, तेच स्पीकर. कॅसेट लावली. पहिल्यापेक्षा चांगला आवाज आला.

बुढा ऐकत राहिला. ती जागा आली आणि गेली.

"आली का?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला. आणि मग, "जाऊ दे." त्यानंतर त्याने खंजिरीचं नावच काढलं नाही.

हंगाम सरत आला. पऱ्हाट्यांवर पानं उरली नव्हती, वरच्या टोकाला चार-दोन कवडी, अर्धवट फुटलेली बोंडं होती, त्यांच्यासाठी बायाही यायला नाखूश असतात. आमच्याकडे वेचायला येणारी कमला त्या दिवशी म्हणाली, "माय, पुलगावले लेकीकडं जातो, मले सोडून द्याल का?" ती मागच्या जागेवर बसली, मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. बुढ्याने सवयीने कॅसेट लावली. मी नको म्हणू शकले असते. कमला खंजिरीबद्दल बोलून जाईल ही भीती मला होतीच.  पण तिने डोळे मिटले आणि पिशवीवर बोटं ठेवून ऐकत बसली.

पेटी थांबली. ढोलकी थांबली. गाणाऱ्यांनी दम घेतला. बुढ्यासाठी तिथे आता काहीच नव्हतं, नुसता इंजिनचा आवाज. त्याने आरशात पाहिलं. आरशात कमलाची बोटं होती. ती बोटं पिशवीवर खंजिरी वाजवत होती. बरोबर तालात, त्याच्याच हाताचा ठेका.

त्याला कळलं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्याने वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. पुलगावला लेकीच्या गल्लीपाशी कमला उतरली. "लय गोड वाजवता जी तुम्ही," म्हणाली आणि गेली. तिचे ओठ त्याने वाचले असावेत.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "तुले ऐकू येते?"

"येते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

एक ट्रक गेला. 

"मंग तीन खेपा दार काऊन खोललं?"

  मी म्हटलं, "समोर पाहा, बैल येऊन राह्यले." समोर एकही बैल नव्हता.

आता आम्ही एसटीने जातो. शेत आमचंच आहे, यंदाही कापूस बरा फुटला आहे. पुलगावला गाडी बदलावी लागते, कधी तासभर बसावं लागतं. बुढ्याच्या कानात मशीन आहे. एसटीच्या काचा खडखडल्या की तो ते काढून खिशात ठेवतो आणि मला म्हणतो, "तू आयक." बाभळींना कापूस अजून लागतो. एसटीच्या खिडकीतून तो हाताशी येतो, गाडीतून येत नसे.

पण कमलाला सोडलं त्या दिवशी त्याने गाडी घराकडे घेतलीच नाही. पुलगावच्या स्टँडपाशी आणली, बाजूला लावली, दोन्ही काचा स्वतः दांडा फिरवून वर केल्या. उतरला आणि प्रमोदला फोन लावला. फोनवर तो नेहमीच ओरडतो. स्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली.

"प्रमोद, आयक. गाडी पुलगावच्या स्टँडवर ठेवून राह्यलो. चाबी पानवाल्याजवळ देतो. तू येऊन घेऊन जाजो. आमी एसटीनं येतो."

पलीकडून प्रमोद काहीतरी बोलत होता. मला बाजूला उभं राहूनही तो ऐकू येत होता.

"मले ऐकू येत नाई," बुढा म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. "मले ऐकू येत नाई, म्हून तूच आयक. गाडी इकून टाक. शेताचं नाव काढू नको, ते मी मक्त्यानं देत नाई. आन गाडी जो घेईन त्याले सांगजो, स्पीकर नवे हायत. तुह्या मायनं बसवले. खंजिरीसुद्दा एकदम साफ येते म्हनजो."